चाळ मालकीची झाली तेव्हा

आम्ही वाढलो ती चाळ सरकारी होती. बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या अंगाला समोरासमोर दोन रांगा, मधे फरशीचा बोळ आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. एक खोली, तिला लागून स्वयंपाकापुरती जागा, वर पत्रा. कामगारांसाठी म्हणून बांधलेली, त्यामुळं भाडं नावापुरतं. वडील मोहोळकडच्या गावातून गिरणीत लागले तेव्हा आधी रुळाच्या कडेला एका खोपटात राहिले होते. चाळीतल्या कुणा कामगारानं स्वतःचं घर बांधलं, त्याची खोली सरकारजमा झाली आणि ती आम्हाला मिळाली. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. ते खोपट मला आठवत नाही. आईला मात्र कायम आठवायचं.

"पावसात भांडी तरंगायची," ती सांगायची. "तुज्या बापानं खोलीची किल्ली आणली तवा मी आदी आत जाऊन दार लावून बघितलं. कडी बसती का म्हून."

पुढं गिरणी बंद पडली. वडील यंत्रमागावर गेले, आणि मी कॉलेजात असतानाच ते वारले. त्या कमी भाड्यामुळं आम्ही तगलो. दुसरीकडं कुठं खोली घ्यावी लागली असती तर मी शिकून मास्तरीण झाले नसते, हे मी कुणालाही सांगते. पण त्या भाड्याच्या घरात वडील खिळा ठोकायलाही कचरायचे, हेही तितकंच खरं. पत्रा गळायचा. अर्ज दिला की कधीतरी एक माणूस यायचा, मान वर करून बघायचा, निघून जायचा. पुढच्या पावसात आम्ही पुन्हा त्याच जागी पातेलं ठेवायचो.

लग्नानंतर मी जुळे सोलापुरात राहायला आले. धाकटा भाऊ चाळीतच राहिला. तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर. त्याची बायको, दोन मुलं आणि आई, सगळी त्या एका खोलीत.

शेजारच्या खोलीत अक्का राहायची. तेलुगू विणकर घरातली. नवरा मागावर काम करता करता दम्यानं गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन भिवंडीला. अक्का बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तोंडानं बोलणं सुरूच. बोटांकडं तिनं कधी पाहिलेलं मला आठवत नाही. दुपारी आई आणि ती आमच्या दारात बसायच्या. आईला तेलुगू येत नव्हतं, अक्काचं मराठी अर्धं तेलुगूच होतं, पण त्या दोघींचं कधी अडलं नाही. मी पन्नाशीला आले तरी अक्का मला पापाच म्हणायची. त्यांच्याकडं लहान मुलीला म्हणतात तसं.

अक्काची खोली तिच्या नावावर नव्हती. मूळ भाडेकरू गिरणीतला एक म्हातारा. तो मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेला, जाताना त्यानं अक्काला खोलीत बसवलं. अक्का त्याला भाडं द्यायची, तो सरकारला भरायचा. चाळीत अशा तीनचार खोल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी विचारत नव्हतं.

मग खोल्या भाडेकरूंच्या मालकीच्या करून देणार, अशी बातमी आली. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. एका रविवारी बोळात सतरंज्या टाकून बैठक झाली, मीही गेले होते. चाळीतलेच एक निवृत्त जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, पुढं होते. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. ज्याच्या नावावर खोली, त्याला ती ठरलेल्या किमतीत मिळणार. किंमत बाहेरच्या मानानं फारच कमी होती. बायका एकमेकींकडं बघून हसत होत्या. कुणीतरी पेढे आणायलाही निघालं.

तेव्हा आई उठून उभी राहिली. बैठकीत बोलायची तिला सवय नव्हती. पदर सावरत म्हणाली, "मला येक सांगा. आमी आलो तवा कुनीतरी खोली सोडली म्हून आमाला गावली. आता आपन समदे मालक झालो की आपल्यामागनं येनाऱ्यानं कुटं जायचं?"

जॉबरकाका म्हणाले, "वहिनी, ते सरकार बघेल की. नवीन बांधतील."

"बांदनार हायती का? तसं लिवलंय का कुटं?"

भाऊ पटकन म्हणाला, "आई, खाली बस. मागनं येणाऱ्याचं मागनं येणारा बघंल. आपला पत्रा आत्ता गळतोय."

लोक हसले. आईही हसली आणि बसली. मला भावाचं पटलं होतं. आजही पटतं. तो कारखान्यात उभ्यानं काम करून यायचा आणि घरी पाय पसरायला जागा नसायची. त्याला आपलं घर हवं होतं, यात काय चुकलं?

खोली मालकीची झाली आणि भावाचा चेहराच बदलला. त्यानं पत्रा काढून स्लॅब टाकला. पश्चिमेच्या भिंतीत आधी कधीच नव्हती अशी खिडकी काढली. मोरीच्या कोपऱ्यात संडास बांधून घेतला. आईचे गुडघे तेव्हा धरायला लागले होते. बोळाच्या टोकाशी डबा घेऊन रांगेत उभं राहणं तिचं सुटलं. "हे येक लई झ्याक केलंस," ती त्याला म्हणाली. स्लॅबवर त्यानं कर्ज काढून एक खोली चढवली, बाहेरून लोखंडी जिना. ती भाड्यानं द्यायची, त्यातून हप्ते जातील, असा त्याचा हिशेब होता.

चाळीत सगळीकडं तेच चाललं होतं. कुणी टाइल्स बसवल्या, कुणी दाराला ग्रिल केलं. नळाला मोटारी लागल्या. पाणी यायच्या दिवशी बोळात मोटारींचा एवढा आवाज व्हायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. अक्काच्या खोलीला मोटार नव्हती. तिच्या नळाला पाणी येईना. मग आमच्याच नळाची पाइप खिडकीतून तिच्या पिंपात सोडायची, असं माझ्या भावजयीनं ठरवून टाकलं.

काही वर्षं विकायचं नाही अशी अट होती. लोकांनी वाट काढली. वकिलाकडून कागद करून खोल्या हातोहात गेल्या. आधी टोकाची, मग तिच्या शेजारची. ज्यांनी विकल्या त्यांनाही काही बोलायची सोय नव्हती. एकाच्या मुलीचं लग्न, एकाचं ऑपरेशन, एकाला पुण्यात मुलाकडं जायचं. घेणारे बहुतेक बाजारातले दुकानदार होते. त्यांनी दोनदोन खोल्या एक केल्या, कुणी गोदाम केलं. दुपारी दारात बसणाऱ्या बायका कमी होत गेल्या.

अक्काची खोली ज्याच्या मालकीची झाली होती तो म्हातारा वारला, आणि त्याचा मुलगा अक्काकडं आला. मी त्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायला गेले होते, तर तो अक्काच्या दारात चप्पल काढून उभा. चांगला मुलगा. बँकेत नोकरीला. मान खाली घालूनच बोलत होता.

"अक्का, तुम्ही मला आत्यासारख्या. पण बहिणीला वाटा द्यायचाय. खोली विकल्याशिवाय कुठून देऊ? तुम्ही सावकाश बघा दुसरीकडं. घाई नाही."

अक्का सूप खाली न ठेवता म्हणाली, "बस बाबा, चहा पी."

तो चहा न पिताच गेला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच समजवा त्यांना." काय समजवायचं, ते काही त्यानं सांगितलं नाही.

मग आम्ही खोली शोधायला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि अक्का. शाळा सुटली की स्कूटीवर तिला मागं बसवून गल्ल्या पालथ्या घालायच्या. उन्हाळा होता, संध्याकाळीसुद्धा रस्त्यातून झळा यायच्या. एका घरी सगळं जमत आलं होतं. घरमालकीण बोलायला गोड. तिनं विचारलं, "काम काय करता?" अक्कानं सांगितलं. बाई म्हणाली, "बिड्या? नको हो. घरात बाळंतीण आहे, तंबाखूचा वास येतो." दुसऱ्या घरी एकट्या बाईला खोली द्यायची नव्हती. तिसऱ्या घरी देणार होते, पण अनामत मागितली ती अक्काच्या आवाक्यातली नव्हती, आणि अकरा महिन्यांनी खोली सोडायची तयारीही ठेवायची होती.

परतताना अक्का माझ्या पाठीमागून म्हणाली, "पापा, मी वास मारते काय गं?"

"नाही अक्का."

"मारत असेन. मला कळत नाही आता."

शेवटी मी तिला घेऊन सरकारी घरांच्या ऑफिसात गेले. रजा काढूनच जावं लागलं. टेबलावर चाळिशीचा एक माणूस होता. उद्धट वगैरे अजिबात नव्हता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"भाड्यानं एक खोली हवी होती," मी म्हणाले. "कामगारांसाठी असायच्या तशी."

"मॅडम, भाड्याच्या आता नाहीत."

"एकही नाही?"

"होत्या त्या सगळ्या मालकीच्या करून दिल्या. लोकांचीच मागणी होती ना, मोर्चे काढले होते. आणि खरं सांगू, दुरुस्तीला कुठं पैसे होते? भाडं एवढंसं यायचं आणि वर्षभर पत्र्याच्या तक्रारी."

"मग विकून जे आलं त्यातून नवीन?"

"नवीन बांधतोय ना. पण विकत घ्यायची. योजना आहे, सवलत आहे, स्वतःचा हिस्सा भरायचा, बाकी कर्ज. यांचं वय काय?"

अक्कानं वय सांगितलं. त्यानं समोरचा फॉर्म बाजूला सारला. "कर्ज नाही बसणार," मग म्हणाला. आम्ही उठलो तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं, "मी पण भाड्यानंच राहतो मॅडम. दर दोन वर्षांनी सामान हलवतो." मला त्याचा रागही धड येईना.

तरी ती नवीन घरं एकदा बघून येऊ, असं मीच म्हणाले. अक्काच्या जावयानं भिवंडीहून फोनवर सांगितलं होतं, जमलं तर कर्ज त्याच्या नावावर काढतो म्हणून. हायवे ओलांडून, शेतांमधून, बाभळीच्या कडेनं गेलो. उघड्या माळावर चार मजली इमारती उभ्या होत्या, पिवळ्या आणि गुलाबी. अर्ध्या घरांना कुलुपं. वॉचमन म्हणाला, "ज्यांना लॉटरीत लागली त्यांनी भाड्यानं द्यायला ठेवलीत, पण हितं राहायला येतंय कोन?" त्यानं एक घर उघडून दाखवलं. अक्का सगळीकडं फिरली. नळ सोडून बघितला, ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडली. बाहेर दूरवर एक मेंढपाळ आणि त्याची मेंढरं, बाकी काही नाही.

"लई छान आहे गं," ती म्हणाली. "पण इथून मी बिड्या कुठं नेऊ?"

बिड्या रोज कारखान्यात द्याव्या लागतात, तिथंच दुसऱ्या दिवसाची पानं आणि तंबाखू मिळते. चाळीतून कारखाना चालत जाण्याएवढा. माळावरून बस दिवसातून दोन. रिक्षाला मजुरीच गेली असती. आम्ही वॉचमनला धन्यवाद दिले आणि निघालो. मी इतकी दमले होते की वाटेत रसवंतीपाशी थांबले आणि किती वेळ नुसती बसून राहिले. अक्का माझ्या पदरानं माझाच घाम पुसत होती.

आईला मी हे सगळं सांगितलं. संध्याकाळी भाऊ कामावरून आला, त्यानं जेवण केलं, आणि मग तिनं विषय काढला. मी तिथंच होते.

"वरची खोली अक्काला दे."

भाऊ म्हणाला, "आई, वरच्या खोलीला बाजारभावानं गिऱ्हाईक आलंय. दोन मुलं, हॉस्पिटलात कामाला."

"व्हय. तरी पन तिला दे. ती आता देती तेवडंच घे."

"मग हप्ता कुठनं भरू?"

"तुज्या बापानं काय भाडं भरलं रं जन्मभर? बाजारभावानं भरलं आसतं तर तू हितं आसतास का?"

भाऊ चिडला. "ते सरकार होतं आई! सरकारला परवडतं. मी मागावर उभा राहून कमावतोय. सरकारनं जे सोडलं ते मी एकट्यानं डोक्यावर घ्यायचं काय?"

तो बोलत होता ते खरं होतं. आईनं त्याचं ताट उचललं. बाहेर जाऊन तो बोळात येरझाऱ्या घालत राहिला, परत आला, आणि बायकोला म्हणाला, "अक्काला सांग, वर सामान लावायला मी रविवारी मोकळा आहे."

त्यानं स्वतः तिची पेटी डोक्यावरून वर नेली. अक्काच्या जुन्या खोलीची मधली भिंत आठवड्याभरात पाडली गेली. पलीकडची खोली घेतलेल्या मोबाइल दुकानदारानं ही खोलीही घेतली होती. भिंत पाडताना अक्का जिन्यावर बसून बघत होती. मी म्हणाले, "बघू नका ना अक्का." ती म्हणाली, "त्या भिंतीला मी दर दिवाळीला चुना दिलाय. माझी नव्हती ते माहीतच होतं."

ती चारेक वर्षं वर राहिली. लोखंडी जिना तिला जड जायचा, उन्हात कठडा तापायचा, ती पदर हाताला गुंडाळून चढायची. आईचे गुडघे बंद पडल्यावर आईला वर जाता येईना, मग अक्का सूप घेऊन खाली यायची. आईच्या शेवटच्या आजारपणात मी शाळेत, भावजय शिवणकामाला. अक्कानंच आईचं सगळं केलं. तिला उठवणं, पुसणं, भरवणं. आई शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती, पण अक्का आली की तोंड उघडायची. दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही.

आई गेल्यावर वर्षभरानं भावाचा कारखाना निम्म्यावर आला. आठवड्यातले तीन दिवस काम. थोरला मुलगा इंजिनिअरिंगला. एके दिवशी भाऊ माझ्याकडं फ्लॅटवर आला. असा तो कधी येत नाही. गॅलरीत बसला, चहा गार होऊ दिला.

"ताई, वरच्या खोलीचं काहीतरी करावं लागंल."

"मी देते ना फरक दर महिन्याला."

"तू किती दिवस देणार? पुढच्या वर्षी तू रिटायर. आणि मला बहिणीकडनं भाडं घ्यायचं नाही." त्यानं कप उचलून तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "मी तिला काय सांगू? आईला तिनं भरवलंय."

त्याला सांगावं लागलं नाही. अक्कानं स्वतःच ओळखलं. दोन दिवसांत तिनं भावजयीला सांगितलं, "मुलगी बोलवते आहे, भिवंडीला जाते." आम्हा सगळ्यांना माहीत होतं की मुलगी कधीपासून बोलवत होती आणि अक्का जात नव्हती. मुलीचं घरही भाड्याचं, एका खोलीचं, त्यात पाच माणसं. कुणीच तिला 'थांब' म्हणालं नाही. भावजय रडली. भाऊ त्या दिवशी काम नसतानाही कारखान्यावर जाऊन बसला. त्याला समोर उभं राहवलं नसतं.

स्टेशनवर मी सोडायला गेले. तिच्याकडं एक पेटी आणि एक बोचकं. भावजयीनं प्रवासासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली होती. सूप तिनं नेलं नाही. "तिथं बिड्या नाहीत पापा," ती म्हणाली. गाडी हलल्यावर तिनं हात केला नाही, नुसती बघत राहिली. मी स्टेशनबाहेर येऊन स्कूटी काढली.

वरच्या खोलीत आता हॉस्पिटलात काम करणारी दोन पोरं राहतात. शांत आहेत, भाडं वेळेवर देतात. भावाचा हप्ता निघतो. भाचा शिकतोय. भावाच्या घराला रंग दिलाय, फिकट निळा, चांगला दिसतो. तो घर मला दाखवतो तेव्हा त्याला आनंद होतो, आणि मलाही होतो. वडील ज्या भिंतीत खिळा ठोकायला भ्यायचे ती भिंत आता त्याच्या नावावर आहे. हे काही लहान नाही.

अक्काचा फोन महिन्यातून एकदा येतो. मागच्या आठवड्यात आला होता. मालकानं खोली सोडायला लावली म्हणून ते लोक पुन्हा दुसरीकडं गेलेत, जावयाच्या कारखान्यापासून लांब. "जावई चालत जातो," ती म्हणाली. "मी सामान लावते आहे. भांडी झाली, कपडे राहिले."

पलीकडं भांड्यांचा आवाज आणि कुणाचंतरी लहान मूल.

"जेवण केलं का अक्का?" मी विचारलं.

"चुक्याची आमटी केली," ती म्हणाली. "आंबट झाली थोडी. तुझ्या आईला आवडली असती." मग मुलीनं हाक मारली असावी, कारण ती घाईनं 'ठेवते' म्हणाली आणि फोन बंद झाला.